तारवाबाहेरची म्हैस

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

रविवारी मोठ्यांची उपासना साडेनऊला सुरू होते. त्याआधी तासभर आमच्या चर्चच्या पडवीत सतरंज्या अंथरलेल्या असतात आणि त्यावर पंचवीस-तीस मुलं बसलेली असतात. कुणाचं डोकं तेल लावून चप्प बसवलेलं, कुणी झोपेतून तसंच उठून आलेलं. या तासाला आम्ही शब्बाथशाळा म्हणतो. शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस. ज्यू लोकांचा शब्बाथ शनिवारी असतो, आमची सभा रविवारी भरते. पण शब्द तोच राहिला. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, एका लहान गावात मी गेली तीस वर्षं ही शाळा घेते आहे. आठवडाभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचं आणि रविवारी इथं, असा माझा क्रम निवृत्त होईपर्यंत चालला. आता फक्त रविवार उरला आहे.

या शाळेचा उगम धर्मोपदेशापेक्षा अक्षरओळखीत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात टाचण्यांच्या कारखान्यांत लहान लहान मुलं सहा दिवस राबत आणि सातव्या दिवशी रस्त्यावर हुंदडत. रॉबर्ट रेक्स नावाच्या तिथल्या एका वृत्तपत्राच्या मालकानं १७८० मध्ये या मुलांसाठी रविवारी वर्ग सुरू करवले. वाचायला शिकायचं तर पुस्तक हवं, आणि हाताशी असलेलं पुस्तक होतं बायबल. तिथून ही पद्धत मिशनऱ्यांबरोबर जगभर गेली. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं आणि त्यांच्याबरोबर शब्बाथशाळाही आमच्या खेड्यापाड्यांत आली. माझी आजी बायबलबाई होती. म्हणजे वस्त्यावस्त्यांवर चालत जायचं, बायकामुलांना गोळा करायचं आणि गोष्टी सांगायच्या, हे तिचं काम. ती चौथीपर्यंतच शिकलेली. पण शंभरेक गोष्टी तिला तोंडपाठ होत्या.

बायबलमधल्या कथा मराठीत सांगण्याची रीत मात्र मिशनच्याही कितीतरी आधीची आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये प्रसिद्ध झालं. देवनागरी खिळे नव्हते म्हणून छापलं रोमन लिपीत, पण घाट सगळा आपल्या पुराणाचा: श्रोता शंका विचारतो आणि पाद्री उत्तर देतो. कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींनीही एकोणिसाव्या शतकात मोशे, योसेफ यांच्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. आमच्याकडे रेव्हरंड टिळकांनी तर कीर्तनाला चर्चमध्ये मानाची जागाच मिळवून दिली. सांगायचा मुद्दा असा, की ज्यानं ज्यानं ही गोष्ट मराठीत नीट सांगितली, त्यानं समोरचा माणूस कोण आहे हे आधी पाहिलं.

मुलांपुढे बसलं की ते पाहावंच लागतं. पेरणाऱ्याचा दाखला घ्या. पेरणारा बी पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जमिनीवर, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत. मी हा दाखला सांगत होते आणि एका शेतकऱ्याच्या मुलानं विचारलं, “बाई, तो माणूस वेंधळा होता का? वाटेवर कशाला बी टाकायचं?” त्याचं बरोबर होतं. त्याच्या घरी ज्वारी-बाजरी पाभरीनं पेरतात. बी ओळीत, मातीच्या आत पडतं. पॅलेस्टाइनमधला शेतकरी मुठीनं बी फोकून पेरत असे, हे सांगितल्याशिवाय तो दाखला उमगतच नाही. तसंच खमिराचं. थोडंसं खमीर सगळं पीठ फुगवतं, हा दाखला भाकरी खाणाऱ्या मुलांना काय कळणार? तिथं मी विरजणाचं उदाहरण घेते. चमचाभर विरजण पातेलंभर दुधाचं दही करतं, हे त्यांनी रोज पाहिलेलं असतं.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तर सर्वांना माहीत असते आणि बहुतेकदा अर्धीच सांगितली जाते. लुटारूंनी मारून अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूला सोडून याजक पुढे जातो, लेवी पुढे जातो आणि एक शोमरोनी माणूस त्याला उचलतो, मलमपट्टी करतो, स्वतःच्या खर्चानं उतारशाळेत ठेवतो. तात्पर्य काय, तर संकटात मदत करावी. पण एवढंच सांगायचं असतं तर मदत करणारा कुणीही चालला असता. तो शोमरोनी आहे, यात गोष्टीचा काटा आहे. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. आमच्या समाजातल्या पुष्कळांच्या आजा-पणजांनी गावच्या पाणवठ्यावर दूर उभं राहून पाणी घेतलेलं आहे. त्यामुळे विटाळ म्हणजे काय, हे आमच्या मुलांना समजावावं लागत नाही. त्यांना वाटतं, आपणच ते शोमरोनी. मग मी विचारते, “आणि आपण कुणाला दूर ठेवतो?” एकदा या प्रश्नावर बराच वेळ शांतता झाली आणि मागून एक मुलगी म्हणाली, “पालावरच्या लोकांना.” त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही. गोष्ट पोहोचली होती.

इतकी वर्षं अशी गेल्यावर माणसाला वाटू लागतं, की आता आपल्याला हे काम येतं. तो समज २०१९ साली एका आठ वर्षांच्या मुलीनं मोडला.

त्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुरानं सांगलीकडे हाहाकार केला, हे आपल्याला आठवत असेल. तिकडच्या एका गावातली एक आजी आपल्या नातीला घेऊन आमच्या गावी नातेवाइकांकडे राहायला आली. मुलगी शब्बाथशाळेत येऊ लागली. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी माझ्या वेळापत्रकात नोहाच्या तारवाचा धडा होता. मी तो बदलला नाही. खरं सांगायचं तर तसा विचारही मनात आला नाही. नोहाची गोष्ट म्हणजे आम्हा शिक्षकांची अगदी लाडकी: मोठं लाकडी तारू, त्यात जोडीजोडीनं चढणारे प्राणी, शेवटी कबुतर आणि धनुष्य. मी कागद वाटले, खडू वाटले. मुलं हत्ती-जिराफ रंगवू लागली. ती मुलगी कागदाकडे बघत बसून राहिली. मी जवळ गेले तेव्हा तिनं विचारलं,

“बाई, तारवाच्या बाहेरचे कुठं गेले?”

मी वर्षानुवर्षं देत आले होते तेच उत्तर दिलं. म्हटलं, “ते लोक वाईट वागत होते ना, म्हणून बुडाले.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आमची म्हैस दाव्याला होती. तिनं काय केलं होतं?”

मला उत्तर देता आलं नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तास संपल्याची घंटा वाजवली. पाच मिनिटं बाकी होती.

नंतर तिच्या आजीकडून कळलं. रात्री पाणी वाढलं, माणसं शेजारच्या माडीवर चढली, आणि गोठ्यातल्या म्हशीचं दावं सोडायचं राहून गेलं. पण मला खरा चटका बसला तो माझ्या उत्तराचा. बुडाले ते वाईट होते, असं मी सांगितलं. ज्या मुलीच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं, तिनं यातून काय समजायचं? आपण वाईट होतो, हेच ना? मी गोष्ट सांगितली नव्हती. नकळत एका लहान मुलीला दोषी ठरवून घरी पाठवलं होतं.

त्या आठवड्यात मी उत्पत्तीच्या पुस्तकातले ते चार अध्याय पुन्हा वाचले. चित्रांच्या पुस्तकातून नव्हे, मूळ पवित्र शास्त्रातून. तीस वर्षांत न दिसलेल्या गोष्टी दिसल्या. पाऊस चाळीस दिवस पडला, हे सगळे सांगतात. पण पाणी दीडशे दिवस चढलेलं होतं, हे कुणी सांगत नाही. संपूर्ण जलप्रलयात नोहाच्या तोंडी एक शब्दही नाही. माणसाला निर्माण केल्याबद्दल देवाला दुःख झालं, असं कथेच्या आरंभीच लिहिलेलं आहे. आणि पुन्हा असं होणार नाही हे शेवटचं वचन फक्त नोहाला दिलेलं नाही. ते पक्ष्यांना, गुरांना, सगळ्या जिवांना दिलेलं आहे. धनुष्याच्या चित्रात आम्ही ही गुरं कधी काढलीच नव्हती.

आणखी एक प्रसंग आठवला, जो मुलांच्या धड्यांत मी तरी कधी घेतला नव्हता. लूकच्या शुभवर्तमानात तो आहे. यरुशलेमेत एक बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. येशू लोकांनाच विचारतो, की ती माणसं शहरातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच सांगतो, नाही. जो मेला तो पापी आणि जो वाचला तो पुण्यवान, हा हिशेब त्यानं मोडून काढला. पुढे तो ऐकणाऱ्यांनाच आपलं मन बदलायला सांगतो. मेलेल्यांवर ठपका ठेवत नाही. ज्या शिकवणुकीच्या नावानं मी पडवीत बसते, तिच्यातच माझं उत्तर चूक ठरवलेलं होतं.

पुढच्या रविवारी मी मुलांसमोर कबूल केलं, की गेल्या वेळी बाईंनी चुकीचं सांगितलं. मग बुरुजाचा प्रसंग सांगितला. त्यानंतर त्या मुलीला म्हटलं, “तुला सांगायचं असेल तर तुझ्या गावच्या पाण्याबद्दल सांग.” तिनं सांगितलं. पाणी आधी गटारीतून वर आलं, मग उंबऱ्यावरून आत आलं, भांडी तरंगू लागली, रात्रभर गुरं ओरडत होती आणि नंतर ओरडायची थांबली. एरवी दोन मिनिटं गप्प न बसणारी मुलं ऐकत राहिली. पूर का आला, म्हैस का मेली, याचं उत्तर मी दिलं नाही, कारण माझ्याजवळ ते नाही. पण ते कुणाच्या पापाचं फळ नव्हतं, एवढं मी स्पष्ट सांगितलं.

तेव्हापासून मी काही पथ्यं पाळते. धर्म कुठलाही असो, मुलांना गोष्टी सांगणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडतील, म्हणून इथं सांगते. पहिलं, मूल केवढं आहे ते पाहावं. सहा वर्षांखालच्या मुलांना हरवलेल्या मेंढराची गोष्ट पुरते, किंवा लव्हाळ्याच्या पेटीत ठेवलेल्या तान्ह्या मोशेवर लांबून नजर ठेवणाऱ्या त्याच्या बहिणीची. योसेफ आणि त्याचे हेवा करणारे भाऊ आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चांगले समजतात. भावाभावांची भांडणं त्यांच्या घरातलीच असतात. अब्राहाम आपल्या मुलाला वेदीवर ठेवतो, ती गोष्ट मी बाराच्या आत सांगत नाही. लहान मूल त्यात श्रद्धा पाहत नाही. बापाच्या हातातली सुरी पाहतं. दुसरं, गोष्ट ज्या धाकासाठी नाही त्या धाकासाठी ती वापरू नये. तिसरं, तात्पर्य सांगायची घाई करू नये. आणि चौथं, शेवटी पाच मिनिटं मोकळी ठेवावीत. मूल प्रश्न विचारतं ते त्याच पाच मिनिटांत, आणि मी त्या दिवशी नेमकी तीच कापली होती.

ती मुलगी दिवाळीनंतर आजीबरोबर गावी परत गेली. जाण्यापूर्वीच्या रविवारी मी योनाची गोष्ट घेतली होती. मोठ्या माशानं गिळलेला योना सर्वांना ठाऊक असतो, आणि माशानं त्याला किनाऱ्यावर टाकलं की गोष्ट संपली असं आपण मानतो. पुस्तक तिथं संपत नाही. निनवे शहर वाचलं म्हणून योना रुसून बसतो, आणि देव त्याला विचारतो, की ज्यांना उजवं-डावं कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं ज्या शहरात आहेत, त्याची मी कीव करू नये का? पुस्तक या प्रश्नावरच संपतं, उत्तर दिलेलं नाही. आणि त्या प्रश्नाच्या अगदी शेवटी देव आणखी एक गोष्ट जोडतो, की तिथं गुरंढोरंही पुष्कळ आहेत.

मुलीनं मान वर केली. “म्हशीपण?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हटलं, “म्हशीपण.”

तिनं डब्यातून काळा खडू उचलला आणि कागदावर ओणवी झाली.