मैलापूरचा मोर, नागाचे विष आणि कायद्यातील दोन सवलती

चेन्नई महानगरातील मैलापूर या वस्तीच्या नावातच पक्षी दडलेला आहे. तमिळ भाषेत ‘मयिल’ म्हणजे मोर. पार्वतीने लांडोरीच्या रूपात येथे शंकराची आराधना केली, अशी कपालीश्वर मंदिराची स्थलकथा सांगितली जाते. मंदिराच्या आवारातील पुन्नई वृक्षाशी ही कथा जोडलेली आहे. पुन्नई म्हणजे कोकण किनाऱ्यावरची आपली उंडी, जिच्या बियांचे तेल होड्यांना लावीत.

याच मंदिराची दुसरी कथा सापाची आहे. शिवनेशन नावाच्या व्यापाऱ्याची कन्या पूम्पावै सर्पदंशाने मरण पावली. पित्याने तिच्या अस्थी एका घटात जपून ठेवल्या. पुढे संतकवी ज्ञानसंबंदर मैलापुरी आले, त्यांनी पद गायले आणि कन्या जिवंत झाली, अशी श्रद्धा आहे. पंगुनी महिन्याच्या, म्हणजे मार्च-एप्रिलमधील उत्सवात या प्रसंगाचे स्मरण आजही केले जाते.

मोर आणि साप यांची ही जोडी एका अगदी वेगळ्या ठिकाणीही आढळते, ते ठिकाण म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972. संरक्षित प्राण्यांच्या अवयवांपासून बनलेल्या वस्तूंच्या व्यापारावर या कायद्याने बंदी घातली. मात्र अशा वस्तूची व्याख्या करताना कलम 49-अ मध्ये दोन गोष्टी वगळण्यात आल्या : मोराच्या शेपटीचे पीस आणि सापाचे विष. सवलती दोन्ही एकाच वाक्यात असल्या, तरी त्यांची वाटचाल फार निराळी झाली.

मोराला 1963 मध्ये राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला आणि 1972 च्या कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. त्याची शिकार केल्यास किमान तीन वर्षे कारावास आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25,000 रुपये दंड होऊ शकतो. पिसांना मात्र देशांतर्गत व्यापारात मोकळीक राहिली. देवपूजा, वासुदेवाची टोपी, मोरचेल या सर्वांचा विचार त्यामागे असावा. पावसाळा सरता सरता मोराचा पिसारा आपोआप गळतो, तीच पिसे गोळा करून विकली जातात, हे गृहीत धरलेले आहे. बाजारातील प्रत्येक जुडी अशी गळलेल्या पिसांचीच असते काय, हे ठरविणे कठीण. उपटलेल्या पिसाच्या देठाशी रक्ताचा वा मांसाचा अंश राहतो. पण मूळ कापून टाकले की ही खूणही नाहीशी होते. सवलत रद्द करावी, ही मागणी म्हणूनच वरचेवर होत आली आहे. दुसरीकडे, मोर पीक खातात ही शेतकऱ्यांची तक्रार तमिळनाडूत आहे, तशीच आपल्याकडेही आहे. 2016 मध्ये गोव्याच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांनी मोराला उपद्रवी प्राण्यांत गणण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याला उपद्रवी घोषित करण्याची मुभा कायदा देतच नाही, हे त्या गदारोळात बहुतेकांच्या ध्यानी आले नाही.

विषाची सवलत अधिक अभ्यासनीय आहे.

मैलापूरहून समुद्रकाठच्या रस्त्याने दक्षिणेकडे गेले असता वडनेम्मेली हे गाव लागते. या परिसरातील इरुळर आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या साप पकडण्यात निष्णात. सापाच्या कातड्याचा निर्यात-व्यापार भरात होता, तेव्हा त्यांची चूल त्यावर पेटत असे. 1972 चा कायदा आला, पाठोपाठ कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली आणि एका संपूर्ण जमातीचे कसब बेकायदा ठरले. साप वाचले, परंतु साप ओळखणारा माणूस उपाशी राहिला. कायदा करणाऱ्यांनी या दुसऱ्या बाजूचा विचार आधीच करावयास हवा होता.

मार्ग निघाला तो सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने. 1978 मध्ये इरुळर सर्पमित्रांची औद्योगिक सहकारी संस्था नोंदविण्यात आली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप सभासद पकडून आणतात व त्याबद्दल त्यांना ठरावीक मोबदला मिळतो. साप सुमारे तीन आठवडे मडक्यांत ठेवले जातात. या काळात साधारण चार वेळा विष काढले जाते. मग पोटाच्या खवल्यावर खूण करून त्यांना पुन्हा रानात सोडतात, जेणेकरून तोच साप लगेच परत आणला जाऊ नये. विष गोठवून, सुकवून, भुकटीच्या रूपात प्रतिविष बनविणाऱ्या कंपन्यांना विकले जाते. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर मुद्दल न मोडता व्याजावर चालणारा हा व्यवहार. कातड्याच्या धंद्यात मुद्दलच विकले जात होते. या संस्थेचे सभासद वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन यांना 2023 मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

तरीही विषाचा व्यापार मोकळा आहे, याचा अर्थ साप पकडणे मोकळे आहे असा नव्हे. त्यासाठी कलम 12 अन्वये परवानगी लागते. जीवरक्षक औषधांसाठी विष गोळा करणे हे त्या कलमात नमूद केलेल्या कारणांपैकी एक आहे. परवाना राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात. त्याआधी पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासाठी केंद्राची आणि इतरांसाठी राज्य शासनाची संमती घ्यावी लागते. कोणत्या जातीचे किती साप पकडावयाचे, हेही ठरवून दिले जाते. कागद लांबला की सभासदांचे उत्पन्न थांबते आणि प्रतिविषाच्या कच्च्या मालाची साखळीही ताणली जाते. शिक्षण हे याच कलमातील आणखी एक कारण. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नाग पकडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली होती. पुढे 2025 मध्ये केंद्राने तेथे शैक्षणिक हेतूने मर्यादित परवानगी दिली.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाले, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. यातील बहुसंख्य माणसे खेड्यांतील. केंद्र शासनाने 2024 मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात हे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. येथे एक अडचण पुढे येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. देशातील प्रतिविषाचा मोठा भाग तमिळनाडूतील सापांच्या विषावर तयार होत आला. कोकणातील कातळावरच्या फुरशाचा दंश झालेल्या शेतकऱ्याला ते प्रतिविष तितकेच लागू पडेल काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. त्यासाठी अन्य राज्यांतही विष-संकलन व्हावयास हवे. कलम 12 ची वाट त्या राज्यांनाही खुली आहे. मात्र वडनेम्मेलीसारखी, कसबी हातांना रीतसर मोबदला देणारी संस्था तेथे आधी उभी राहावी लागेल.