दवंडी आणि व्याख्यान

‘पॉडकास्ट’ हा शब्द प्रथम २००४ साली एका इंग्रजी वृत्तपत्रात आला. ‘आयपॉड’ व ‘ब्रॉडकास्ट’ यांची ती जोड. तासाभराचे असे ध्वनिमुद्रण अनोळखी माणूस आपण होऊन ऐकत नाही. म्हणून त्यातला मिनिटभराचा तुकडा दवंडीसारखा पुढे धाडावा लागतो. कारखान्याच्या दारावरील सभांत आम्ही हेच शिकलो : पाळी सुटलेला कामगार पहिल्या वाक्याला थांबला तर थांबला. तेव्हा प्रास्ताविक गाळून प्रश्नापासूनच आरंभ करावा. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून बोललेले शब्द पडद्यावर लिहावेत. पूर्ण भाग कोठे ऐकावा, तेही सांगावे. मात्र ‘बोलणी फसली तर संप करू’ यातले ‘संप करू’ एवढेच कापून दाखविणे ही जाहिरात नव्हे, फसवणूक होय. तिने एकदा गर्दी जमेल; पुढच्या सभेला कोणी येणार नाही.