मुलांच्या पुस्तकांची पारख



मुलांचे पुस्तक मूल लिहीत नाही, छापीत नाही आणि बहुधा विकतही घेत नाही. लिहिणारा मोठा, छापणारा मोठा, पैसे मोजणारा मोठा. आणि त्या पुस्तकाला पारितोषिक द्यावे की नाही हे ठरविणाराही मोठाच. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याचे मत कळते ते सर्वांत शेवटी. मग अशा पुस्तकांची पारख कोणी करावी आणि कशी करावी, ह्या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

बालवाङ्मयास स्वतंत्र पारितोषिक देण्याची प्रथा फार जुनी नाही. अमेरिकेत १९२२ साली न्यूबेरी पदक सुरू झाले. इंग्लंडात १९३६ साली कार्नेगी पदक आले. दोन्हींची निवड ग्रंथपालांकडे सोपविण्यात आली, आणि त्यात शहाणपण होते. कोणते पुस्तक कोरे करकरीत परत येते आणि कोणते हाताळून हाताळून खिळखिळे होते, हे ग्रंथपालाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

आपल्या देशात साहित्य अकादमीने २०१० सालापासून बालसाहित्य पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. मराठीसह चोवीस भाषांसाठी हा पुरस्कार आहे. प्रत्येक भाषेकरिता तीन परीक्षक असतात. त्यांचे एकमत झाले तर उत्तम, नाही तर बहुमताने निर्णय होतो. पुस्तक आधीच्या पाच वर्षांत प्रथम प्रसिद्ध झालेले असावे लागते. आरंभीच्या दहा वर्षांत, म्हणजे २०१९ पर्यंत, एखाद्या पुस्तकाऐवजी लेखकाच्या एकंदर बालवाङ्मयसेवेचाही गौरव करता येत असे. माधुरी पुरंदरे यांना २०१४ साली आणि रत्नाकर मतकरी यांना २०१८ साली पुरस्कार मिळाला तो असा. उलट ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ ह्या पुस्तकाचा २०१७ साली, आणि संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’चा २०२२ साली झालेला सन्मान त्या त्या पुस्तकाचा होता. हे दोन्ही सन्मान योग्यच. परंतु ते एक नव्हेत. पहिला लेखकाचे ऋण फेडतो. दुसरा वाचकाच्या हाती काय द्यावे ते सांगतो.

आणि हे सांगणे मोठ्या जोखमीचे काम आहे. शाळेच्या वाचनालयाला वर्षाकाठी मोजकी रक्कम मिळते. शिक्षकाला सारी पुस्तके चाळून पाहणे शक्य नसते. मग तो पारितोषिकाची मोहोर पाहतो आणि यादीवर खूण करतो. निवड चुकली, तर ते पुस्तक कपाटात कुलूपबंद राहते आणि त्याच्या जागी जे येऊ शकले असते ते येत नाही. एखाद्या मुलाच्या वाट्याला वर्षभरात अवांतर अशी दोनच पुस्तके येत असतील, तर त्यांतले एक असे वाया जाणे ही लहान हानी नव्हे.

परीक्षकापुढील खरी अडचण ही, की मुलांचे पुस्तक दोन तराजूंत तोलावे लागते. एक तराजू वाङ्मयगुणांचा: भाषा, रचना, पात्रे, चित्रे. दुसरा मुलांच्या ओढीचा. पहिल्यात जड भरलेले पुस्तक दुसऱ्यात पुष्कळदा हलके ठरते. मोठ्यांना त्यातील उपदेश आवडतो आणि मूल तिसऱ्या पानावर जांभई देते.

अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या ‘सिबिल्स’ नावाच्या पारितोषिकाने हे दोन्ही तराजू उघडपणे एकत्र ठेवले. मुलांच्या पुस्तकांवर आपल्या हौसेने परीक्षणे लिहिणारे शिक्षक, ग्रंथपाल आणि पालक हेच तेथे परीक्षक. कोणाही वाचकाने प्रत्येक विभागात एक पुस्तक सुचवावे. एका मंडळाने त्या ढिगातून पाच-सात निवडावीत. आणि दुसऱ्या मंडळाने तेवढीच बारकाईने वाचून एकाची निवड करावी, अशी रीत ठरली. चाळणारे हात वेगळे आणि निवडणारे वेगळे, ह्यामुळे एकाच माणसाच्या लहरीला वाव कमी राहतो. जर्मनीने याही पुढचे पाऊल टाकले. तेथील बालवाङ्मयाच्या सरकारी पारितोषिकात २००३ पासून किशोरवयीन वाचकांचे स्वतंत्र परीक्षक मंडळ आहे आणि ते आपल्या पसंतीच्या पुस्तकास वेगळे पारितोषिक देते.

मग सारा निवाडा मुलांवरच का सोपवू नये? तसेही चालणार नाही. पुस्तक कोठे कंटाळवाणे झाले ते मूल अचूक सांगेल. परंतु त्यातली माहिती खोटी आहे, किंवा त्यात कोणा समाजाची हेटाळणी आहे, हे त्याला सांगता येईलच असे नाही. ह्याचे महत्त्व आमच्या नेरडीगोंड्यास विशेष जाणवते. येथील एकाच बाजारात तेलुगू, मराठी आणि गोंडी कानी पडते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ह्याच आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. सीमा हलली, पण मराठी बोलणारी कुटुंबे अलीकडेही राहिली. आता पुण्यामुंबईच्या परीक्षकांनी गौरविलेल्या एखाद्या गोष्टीत अरण्यातील माणूस केवळ हसण्यासाठी किंवा भिण्यासाठी आणला असेल, तर ती गोष्ट ऐकणाऱ्या गोंड मुलाने काय करावे? इतरांबरोबर हसावे, की मान खाली घालावी? तो काही बोलणार नाही. त्याच्या वतीने बोलणे हे परीक्षकाचे कर्तव्य आहे.

म्हणून पारखी असा हवा, की ज्याने पुस्तक स्वतः वाचले आहे आणि मुलांना वाचूनही दाखविले आहे. लेखकाशी त्याचा स्नेह असेल, तर त्या पुस्तकापुरते त्याने बाजूला व्हावे. आणि निर्णयाबरोबर चार ओळी कारणेही द्यावीत. कारण नुसते नाव जाहीर केल्याने शिक्षकाला काहीच उमगत नाही.

ही परीक्षा कोणत्याही शाळेत, कोणत्याही घरी करता येण्यासारखी आहे. लेखकाचे नाव किंवा पारितोषिक न सांगता पुस्तकाची काही पाने मोठ्याने वाचावीत. नंतर पुस्तक मुलांच्या हाती द्यावे आणि आठवड्याने तीनच प्रश्न विचारावेत: वाचताना कोठे थांबलास? कोणते पान पुन्हा उघडलेस? आणि हे पुस्तक कोणाला द्यावेसे वाटले? उत्तरे वहीत टिपून ठेवावीत. तिसऱ्या प्रश्नाला मूल चटकन मित्राचे नाव सांगू लागले, तर पुस्तक त्याच्या मनाला पोहोचले असे समजावे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी असाच एकमेकांना दिला. काळ हा मोठा परीक्षक खरा. परंतु तो फार सावकाश निकाल देतो, आणि तोवर मुले मोठी होऊन जातात. आज दहा वर्षांच्या असलेल्या वाचकासाठी योग्य निवड आजच व्हावयास हवी.