वार्तेचा वेग आणि शेतमालाचा भाव

माल बाजारात जाण्यापूर्वी बाजाराची बातमी आपल्या घरी आली पाहिजे, हा व्यापारातील जुना नियम होय. व्यापारी तो कधी विसरला नाही. शेतकऱ्यास मात्र तो पाळण्याची सोयच नव्हती. वार्तेच्या वेगाचा इतिहास आम्ही येथे केवळ मनोरंजनासाठी मांडीत नाही. वेग वाढत गेला तेव्हा त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडला, हे वाचकांनी पाहावे, एवढाच हेतू आहे.

प्राचीन काळी वार्तेचा वेग म्हणजे माणसाच्या किंवा घोड्याच्या पायांचा वेग. इराणच्या सम्राटांचा सुसा ते सार्डिस हा राजमार्ग सुमारे २,५०० किलोमीटर लांबीचा होता. पायी जाणारास तेथे तीन महिने लागत. परंतु टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे व स्वार ठेविलेले असल्याने राजाचा खलिता आठनऊ दिवसांत पोचे. हा वेग राजाचा होता, रयतेचा नव्हे.

आपल्याकडेही जासूद, हरकारे आणि सांडणीस्वार हेच वार्तेचे वाहक होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर घोर संहार झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी माळव्यात होते. त्यांस त्या अनर्थाची वार्ता सुमारे दहा दिवसांनी कळली, आणि तीही एका सावकाराच्या सांकेतिक पत्रावरून. ज्याचा पैसा गुंतलेला असतो, तो बातमीची व्यवस्था आधी करून ठेवितो, हा बोध यात आहे.

पुढे १८५४ साली अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागले व १८५५ साली विजेची तार सर्व लोकांस खुली झाली. हा वेग कोणाच्या कामी आला, ते कापसाच्या कथेवरून दिसते. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्या कापसाचा भाव अनेक पटींनी चढला. १८६५ साली युद्ध संपले. अटलांटिक महासागराखालील टिकाऊ तार पडली १८६६ साली. म्हणून ही वार्ता आगबोटीने सुमारे बारा दिवसांत इंग्लंडला पोचली. तेथून हिंदुस्थानकडे मात्र इराणच्या आखातातून नवी तार त्याच वर्षी सुरू झालेली होती. मुंबईचा बाजार कोसळला. तारघर मुंबईत होते, खेड्यात नव्हते. चढत्या भावाच्या भरवशावर ज्यांनी कर्ज काढले होते, त्यांचे कर्ज तसेच राहिले आणि भाव गेला. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्या क्षोभाच्या अनेक कारणांपैकी हे एक होय.

आज ती तारही इतिहासजमा झाली आहे. २०१३ च्या जुलैत आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. काचेच्या तंतूंतून प्रकाशरूपाने जाणारा संदेश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास हातातील मोबाईलवर दूरच्या बाजार समितीचा भाव दिसतो. राजाच्या स्वारास जे साधले नाही, ते आज कुणब्यास साधले आहे.

मग प्रश्न मिटला काय? आमच्या मते नाही. खोटी आवई त्याच तारेवरून त्याच वेगाने येते. शिवाय भावाचा नुसता आकडा म्हणजे अर्धी बातमी. बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन भाव असतात. कमाल भाव पाहून गाडी भरणारा पुष्कळदा फसतो. कारण तो भाव एखाद्याच उत्तम ढिगास मिळालेला असू शकतो. सर्वसाधारण भाव पाहावा, त्याजबरोबर आवक किती झाली हे पाहावे, आणि गाडीभाडे, हमाली व तोलाई वजा करून हाती काय उरते याचा हिशेब मांडावा.

यासाठी आमची सूचना अशी की, गावोगावच्या सभासदांनी हंगामात निदान तीन बाजारांचे भाव व आवक रोज एका वहीत टिपून ठेवावी, आणि ती वही सर्वांस पाहावयास खुली असावी. पंधरा दिवसांच्या नोंदी समोर असल्या म्हणजे एका दिवसाच्या आवईने कोणी घाबरणार नाही व हुरळणारही नाही. वार्ता आता विजेच्या वेगाने येते. तिची पारख मात्र आपणांसच सावकाशीने करावी लागेल.