शांत होण्याची तालीम

चिडलेल्या मुलाला ‘आधी शांत हो’ म्हणून काही उपयोग होत नाही. याचे कारण मुलाच्या हट्टीपणापेक्षा त्याच्या शरीरात अधिक असते. राग किंवा भीती अनावर होते तेव्हा मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची वर्दी देतो, रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरते, हृदयाचे ठोके वाढतात. या उसळीला वेसण घालणारा मेंदूचा पुढचा भाग वयाच्या पंचविशीपर्यंत घडतच असतो. त्यामुळे समुपदेशकाच्या निवांत खोलीत दीर्घ श्वास घ्यायला शिकलेले मूल मधल्या सुट्टीत कोणी ढकलले की शिकलेले सगळे विसरते. कुस्तीचे डाव फळ्यावर काढून येत नाहीत. जोडीदार अंगावर येत असताना ते पुन्हा पुन्हा करावे लागतात, तेव्हाच अंगात मुरतात. मन आवरण्याचेही तसेच आहे. उपचारासाठी बनवलेल्या व्हिडिओ गेमचे मोल मला इथे दिसते. तो मुलाला सुरक्षितपणे उत्तेजित करतो आणि त्या अवस्थेतच शांत होण्याची तालीम देतो.

अमेरिकेतल्या बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये विकसित झालेला ‘रेज कंट्रोल’ हा खेळ याचे उत्तम उदाहरण आहे. वरवर पाहता तो अंतराळातला नेहमीचा नेमबाजीचा खेळ आहे : शत्रूला टिपायचे, मित्राला वाचवायचे. मात्र खेळणाऱ्याच्या बोटाला नाडी मोजणारा सेन्सर लावलेला असतो. ठोके ठरावीक मर्यादेपुढे गेले की गोळ्या निकामी होतात आणि ठोके खाली आणेपर्यंत शत्रूवर मारा करता येत नाही. ते खाली आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे सावकाश सोडलेला उच्छ्वास. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो आणि ठोके मंदावतात. एरवी आपला राग चढतो आहे हे मुलाला कळेपर्यंत हात उगारलेला असतो. इथे ती चढण त्याला पडद्यावर दिसते, ती उतरवता येते हेही दिसते, आणि उतरवल्याचे फळ त्याच क्षणी मिळते. शरीराची खबर शरीराच्या मालकालाच देणाऱ्या या तंत्राला बायोफीडबॅक म्हणतात.

हा तर्क पटणारा असला तरी त्याला कसोटीवर घासायला हवे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 7 ते 17 वर्षांच्या 40 मुलांना रागावर ताबा मिळवण्याचे प्रशिक्षण थेरपिस्टकडून दिले गेले आणि सोबत हा खेळही. फरक एवढाच, की एका गटाच्या खेळात ठोके वाढल्यावर गोळी अडत होती, दुसऱ्याच्या खेळात अडत नव्हती. गोळी अडणाऱ्या गटात आक्रमकता अधिक कमी झाली. स्क्रीन दोघांसमोर होती आणि थेरपिस्टही दोघांजवळ होता, म्हणून या फरकाचे श्रेय त्या अडवणुकीला देता येते. अर्थात 40 ही संख्या लहान आहे. शिवाय याच्या शेजारी नेदरलँड्समधला ‘माइंडलाइट’ ठेवून पाहावा लागतो. त्यात डोक्यावरचा पट्टा मेंदूतल्या लहरी मोजतो आणि मूल जितके निवांत, तितका अंधाऱ्या वाड्यात उजेड पडतो. 136 चिंताग्रस्त मुलांवरील चाचणीत हा खेळ खेळलेल्यांची चिंता कमी झाली खरी. पण बाजारातला साधा खेळ खेळलेल्या मुलांचीही तेवढीच कमी झाली. पुढे 174 मुलांच्या चाचणीत ‘माइंडलाइट’ वर्तनोपचाराच्या प्रचलित कार्यक्रमाच्या बरोबरीला उतरला. या दोन्ही निकालांतून एक सावध धडा मिळतो : सुधारणेचा काही भाग अपेक्षेतून, मिळालेल्या लक्षातून आणि सरलेल्या काळातूनही येतो. म्हणून ‘खेळल्यावर मूल सुधारले’ एवढा दावा पुरेसा नाही. कशाच्या तुलनेत सुधारले, हे विचारलेच पाहिजे.

सर्वांत मोठा आक्षेप पालकांचा असतो : मोबाइल सोडवता सोडवत नाही, त्यात औषध म्हणून आणखी खेळ कशाला? ही काळजी अनाठायी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये व्हिडिओ गेमच्या आहारी जाण्याला विकारांच्या यादीत स्थान दिले. पण त्या विकाराची खूण स्क्रीन ही नसून, खेळण्यावरचा ताबा सुटणे आणि बाकीचे आयुष्य मागे पडणे ही आहे. उपचारातल्या खेळाला सत्रांची मर्यादा असते आणि त्यात बेभान होणारा हरतो. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. खेळातली प्रगती घरात, वर्गात उतरते का? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून 2020 मध्ये मंजूर केलेला ‘एंडेव्हर-आरएक्स’ हा खेळ भावनांसाठी नसून लक्ष एकाग्र न होणाऱ्या मुलांसाठी आहे, तरी त्याची कहाणी इथे लागू पडते. 348 मुलांच्या चाचणीत संगणकावरची लक्षाची परीक्षा सुधारली. पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत मात्र तुलनेच्या गटापेक्षा फरक दिसला नाही. न्यूझीलंडचा ‘स्पार्क्स’ हा नैराश्यावरचा खेळ 187 किशोरांच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांहून कमी पडला नाही. पण सर्वांना ऑनलाइन खुला झाल्यावर बहुतेकांनी तो अर्ध्यावरच सोडला.

हे सारे पुरावे एकत्र ठेवले की खेळाच्या शेजारी बसलेल्या माणसाचे महत्त्व ठळक होते. बोस्टनच्या चाचणीत ‘आत्ता ठोके वाढले तेव्हा मनात काय आले? भावाने पेन्सिल ओढली तेव्हाही असेच होते का?’ अशा संवादाला जागा देणारा थेरपिस्ट होता. पडद्यावरचा डाव आयुष्यात उतरवण्याचा पूल अशा प्रश्नांनीच बांधला जातो. आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (2015-16) 13 ते 17 वयोगटातील 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले, आणि तज्ज्ञ मोजकेच आहेत. अशा वेळी मुलाच्या हाती एखादे अ‍ॅप देऊन मोकळे होण्याचा मोह होईल. तो टाळायला हवा. शाळेतले समुपदेशक, शिक्षक आणि पालक यांना सोबतीला बसायला शिकवले, तर अशा खेळांचा खरा लाभ मिळू शकेल. तालमीतली माती पडण्याची भीती घालवते, पण पडल्यावर कुठे चुकले हे सांगायला वस्तादच लागतो.