विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना: आफ्रिकेचे हवामान

आफ्रिका खंडाच्या जवळजवळ मधून विषुववृत्त जाते. उत्तरेला ट्युनिशियाचे टोक सुमारे ३७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर दक्षिणेचे अगुल्हास भूशिर जवळपास ३५ अंश दक्षिणेवर. कर्कवृत्त, विषुववृत्त आणि मकरवृत्त ही तिन्ही वृत्ते ज्याच्या भूमीवरून जातात, असा हा एकमेव खंड. सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटरच्या या भूभागातले हवामानाचे पट्टे म्हणूनच विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सारख्या क्रमाने लागतात. मध्ये पावसाळी जंगल, पुढे गवताळ प्रदेश, त्यापलीकडे वाळवंट आणि शेवटी हिवाळ्यात पाऊस पडणारी किनारपट्टी. आफ्रिका म्हटले की वाळू आणि घनदाट अरण्य एवढेच डोळ्यांपुढे येते; पण खंडाचा फार मोठा भाग या दोहोंच्या मधला, गवताचा आणि विरळ झाडांचा आहे.

हा क्रम हवेच्या एका मोठ्या चक्रामुळे ठरतो. विषुववृत्ताजवळ वर्षभर ऊन जवळजवळ सरळ पडते. तापलेली हवा वर चढते, थंड होते आणि तिच्यातले बाष्प पाऊस होऊन कोसळते. कोरडी झालेली हवा उंचावरून उत्तर-दक्षिणेकडे सरकते आणि २० ते ३० अंश अक्षांशांच्या आसपास खाली उतरते. उतरताना ती दाबली जाऊन तापते, त्यामुळे तिथे ढग धरत नाहीत. काँगोचे जंगल आणि सहाराचे वाळवंट ही अशी एकाच चक्राची दोन टोके आहेत. पावसाचा पट्टाही एका जागी राहत नाही. सूर्यामागोमाग तो जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडे आणि जानेवारीत दक्षिणेकडे जातो.

काँगोच्या खोऱ्यात वर्षाला साधारण १,५०० ते २,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्ण कोरडा असा ऋतू फारसा नसतो. याहून कितीतरी जास्त पाऊस कॅमेरूनच्या किनाऱ्यावर होतो. कॅमेरून पर्वताच्या पायथ्याचे देबुंदशा हे गाव वर्षाला सुमारे १०,००० मिलिमीटर पावसासाठी ओळखले जाते. समुद्रावरून आलेले दमट वारे चार हजार मीटर उंचीच्या या पर्वताला थेट अडतात.

जंगलापासून दूर जाऊ लागले की पावसाळा आखूड होत जातो आणि गवताळ प्रदेश, म्हणजे सॅव्हाना, सुरू होतो. इथे वर्षाचे सरळ दोन भाग पडतात, ओला आणि कोरडा. टांझानिया-केनियाच्या सेरेंगेटी-मारा पट्ट्यात दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट पावसामागून, म्हणजेच कोवळ्या गवतामागून, वर्षभर फिरत राहतात. पश्चिम आफ्रिकेत कोरड्या ऋतूत हरमाटन हा धुळीचा वारा सहाराकडून थेट गिनीच्या आखातापर्यंत येतो.

सॅव्हाना आणि सहारा यांच्यामधला साहेल हा पट्टा साऱ्या खंडात सर्वांत नाजूक म्हणावा लागेल. पावसाचा पट्टा उन्हाळ्यात इथवर पोहोचतो, पण जेमतेम. तो थोडा दक्षिणेला अडला तरी पिके आणि गुरे दोन्ही जातात. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकापर्यंत पुन्हा पुन्हा पडलेल्या दुष्काळांत इथे फार मोठी प्राणहानी झाली. १९६० च्या दशकात सुमारे २५,००० चौरस किलोमीटर पसरलेले चाड सरोवर १९८० च्या दशकात दशांशाहूनही लहान झाले. अतिचराई आणि वृक्षतोड करणाऱ्या स्थानिक लोकांवर तेव्हा सगळा दोष टाकला गेला. पुढच्या संशोधनातून मात्र महासागरांच्या पृष्ठभागाच्या तापमानातले बदल हे मुख्य कारण म्हणून पुढे आले. साहेलच्या पशुपालकांवर टाकलेला तो दोष अन्यायच होता.

सहारा सुमारे नव्वद लाख चौरस किलोमीटरचा आहे, आणि तो नेहमीच असा नव्हता. सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी पृथ्वीचा आस वेगळ्या रोखाने कललेला असल्याने उत्तर गोलार्धातला उन्हाळा अधिक प्रखर होता आणि पाऊस सहाराच्या आतवर जाई. अल्जीरियातल्या तासिली नाज्जेरच्या खडकांवर गुरांचे कळप आणि पाणघोडेही चितारलेले आहेत. चित्र काढणाऱ्यांनी ते आसपास पाहिले होते.

खंडाच्या दोन्ही टोकांना उन्हाळा कोरडा आणि हिवाळा पावसाचा. अल्जिअर्स आणि केप टाउन यांच्यात हजारो किलोमीटरचे अंतर, तरी दोन्हीकडे द्राक्षे पिकतात. मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतात बर्फही पडते.

अक्षांशांनी आखून दिलेला हा नकाशा समुद्र आणि डोंगर ठिकठिकाणी मोडतात. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दरबानला वर्षाला १,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जवळपास त्याच अक्षांशावरच्या पश्चिम किनाऱ्यावर १०० मिलिमीटरही पडत नाही. पूर्वेला उष्ण अगुल्हास प्रवाह वाहतो, पश्चिमेला थंड बेंग्वेला. थंड पाण्यावरची हवा जड असते, ती वर चढत नाही. त्यामुळे नामिबच्या किनाऱ्यावर पावसाऐवजी दाट धुके येते. तिथले काही भुंगेरे वाळूच्या टेकडीवर डोके खाली करून उभे राहतात आणि अंगावर जमलेले धुक्याचे पाणी ओघळून तोंडात येऊ देतात.

पूर्व आफ्रिका तर विषुववृत्तावर असूनही बरीचशी कोरडी आहे. केनियाला मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर असे दोन पावसाळे मिळतात, पण सोमालियाचा बराच भाग ओसाड राहतो. जूनपासून दक्षिण गोलार्धातून आलेले वारे केनिया-इथिओपियाच्या उंच पठारांना अडून वळतात आणि सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर वाहत अरबी समुद्रावर शिरतात. या जोरदार वाऱ्यामुळे किनाऱ्याजवळचे खोल, थंड पाणी वर येते आणि सोमालियात पाऊस धरत नाही. तेच वारे पुढे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन सह्याद्रीला भिडतात. कोकणातल्या मोसमी पावसाची वाट अशी आफ्रिकेच्या डोंगरांवरून ठरते. २०१९ मध्ये हिंदी महासागराची पश्चिम बाजू नेहमीपेक्षा बरीच तापली. त्या वर्षी भारतात सरासरीपेक्षा जास्त पाऊस झाला आणि वर्षअखेरीस पूर्व आफ्रिकेत पूर आले, मागोमाग टोळधाड.

इथिओपियात उंचीच हवामान ठरवते. अदिस अबाबा विषुववृत्तापासून अवघ्या ९ अंशांवर, पण २,३०० मीटरांहून उंच असल्याने तिथे बारमाही सौम्य हवा असते. त्याच देशाच्या ईशान्येला समुद्रसपाटीखाली असलेल्या दालोल येथे १९६० च्या दशकात वार्षिक सरासरी तापमान ३४ अंशांच्या वर नोंदले गेले. इथिओपियाचे शेतकरी आपल्या भूमीचे उंचीनुसार भाग करतात: खालचा उष्ण ‘कोला’ ज्वारीचा, मधला ‘वोइना देगा’ टेफ या धान्याचा आणि कॉफीचा, वरचा थंड ‘देगा’ सातूचा. या पठारावर जून ते सप्टेंबर पडणारा पाऊस निळ्या नाईलमधून उत्तरेला जातो. कैरोत वर्षाला जेमतेम २५ मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही आस्वानचे मोठे धरण उभे राहीपर्यंत इजिप्तच्या शेतांवर दर उन्हाळ्यात इथिओपियाच्या डोंगरांवरचे पाणी आणि गाळ पसरत असे.