आमचा कापशा हात लावू देत नाही!

प्रवासात आहात आणि इअरफोन घरी राहिले? मग हा एपिसोड वाचून काढा. आजचा विषय: अंगाला हात लावू न देणारा कुत्रा आणि त्याचं ग्रूमिंग.

आमचा कापशा पांढरा, झुबकेदार, स्पिट्झ मिक्स आहे. आम्ही राहतो भिवंडीत, कामतघरला. मागच्या गल्लीत यंत्रमाग, म्हणजे दिवसभर खटखट आणि हवेत कापसाचे तंतू. (नाव ठेवताना हा विनोद आमच्या लक्षात आला नव्हता, खरंच.) ते तंतू केसांत अडकतात, त्यात आपली दमट हवा आणि चार महिने पाऊस. ज्या गावात कुत्रा रोज विंचरायला हवा, तिथे आमच्या नशिबी ब्रशचा वैरी आला.

गेल्या पावसाळ्यात आईने त्याच्या कानामागची गाठ सोडवायला घेतली. बाबांनी पाय धरले, मी तोंड. तो गुरगुरला. मी "ए, गप!" म्हणून दरडावलं. पुढच्या रविवारी तो गुरगुरलाच नाही, सरळ आईच्या मनगटाला दात! जखम साबणाने, वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुतली आणि लगेच दवाखाना गाठला. कुत्रा घरचा असो, लस झालेली असो, हे करायचंच. हळद, चुना, मिरची असलं काही भरायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य.

त्या रात्री बाबा म्हणाले, "याला गोदामाच्या वॉचमनकडे देऊन टाकू." चिडून नाही, शांतपणे म्हणाले. म्हणून मी जास्त घाबरलो.

आता कळतं, गुरगुरणं ही नोटीस होती. मी नोटीस फाडली, मग त्याने नोटीस द्यायचंच बंद केलं. त्याआधीही तो खूप काही सांगत होता: तोंड फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई, खायला काही नसताना ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत तिरकं बघणं. आणि अगदी ताठ होऊन थिजणं. आम्हाला वाटायचं, "बघा, आता कसा शांत बसलाय!" कसला शांत? तिथेच हात मागे घ्यायचा असतो.

व्हेटकडे नेलं, तोंडाला जाळी बांधून. त्या घट्ट गाठीखाली कातडी लाल झालेली, दोन गोचिड्या फुगलेल्या, कानात इन्फेक्शन. म्हणजे आम्ही दर रविवारी त्याच्या दुखऱ्या जागेवरच ओढत होतो. तेव्हा तुमचा कुत्रा अचानक हात लावू देईनासा झाला तर ट्रेनरआधी डॉक्टर. गाठी व्हेटने मशीनने काढल्या. घरी कात्री चालवू नका, गाठीबरोबर कातडी वर ओढली जाते आणि कापली जाते. गाठी असताना आंघोळही नको, ओल्या गाठी आणखी आवळतात. आणि "उकाडा आहे, टक्कल करून टाकू" हा सल्ला स्पिट्झच्या बाबतीत ऐकू नका. त्या दाट केसांमुळे ऊन थेट कातडीला लागत नाही.

आता मुख्य भाग. चिराग पटेल नावाच्या ट्रेनरचा 'बकेट गेम' आहे. बादलीची गरज नाही, आम्ही स्टीलची वाटी घेतली. वाटीत उकडलेल्या चिकनचे तुकडे, ती थोडी लांब ठेवायची. कुत्रा वाटीकडे बघत राहिला की एक तुकडा द्यायचा. हे जमलं की, तो बघत असताना हात फक्त त्याच्या खांद्याच्या दिशेने न्यायचा, लावायचा नाही. तुकडा. मग स्पर्श. मग ब्रशची मागची बाजू. मग एकदा ब्रश. आणि नियम एकच: त्याने वाटीवरून नजर काढली की आपण थांबायचं. लगेच. "एवढंच राहिलंय" म्हणायचं नाही.

इथे घरोघरी भांडण होतं. बाबा म्हणाले, "म्हणजे आता कुत्रा ठरवणार?" हो, तोच ठरवणार. गंमत अशी की थांबवता येतं हे कळल्यावर तो थांबवायचा कमी झाला. प्राणिसंग्रहालयांत हत्ती स्वतःहून पाय पुढे करतात ते याच पद्धतीच्या शिकवणीने. पाच टनांच्या जनावराला धरून ठेवणार कोण?

आमचे पहिले आठ दिवस ब्रश अंगाला लागलाच नाही. रोज दोन मिनिटं, रात्री जेवणं झाल्यावर. महिन्याभराने पाठ पूर्ण झाली, कान मात्र दिवाळीनंतर. तोवर गोचिड्यांसाठी व्हेटने गोळी दिली. तो प्रश्न टांगून ठेवता येत नाही, कारण गोचिडीतून ताप येतो, तो जिवावर बेततो, आणि ती अंडी घालते घराच्या भिंतींच्या फटींत. फारच गरज पडली तर झोपेचं औषध व्हेटच देईल. घरातली माणसांची गोळी देऊ नका.

नखांचं काय? नखाच्या आत जिवंत शीर असते, काळ्या नखात ती दिसत नाही. म्हणून अगदी टोकच कापायचं, एका दिवशी एकच नख. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरायचं.

आता आई विंचरते, कापशा वाटीकडे बघत बसतो. वॉचमनचा विषय बाबांनी पुन्हा काढला नाही, उलट चिकन तेच आणतात. पुढचा डावा पाय मात्र अजून कोणालाच देत नाही. तो आमचा या पावसाळ्याचा प्रोजेक्ट.